घट बसले की बेल्ट टाक

राजूर,
शिमग्याच्या आधीचा रविवार

प्रिय गोरक्ष,

तुला 'प्रिय' लिहावं की नको यावर माझी अख्खी सकाळ गेली. शेवटी लिहिलं, कारण दुसरं काही लिहिलं असतं तर तू पहिली ओळ वाचूनच कागद चुलीत घातला असतास, आणि हे पत्र तुला शेवटपर्यंत वाचावं लागणार आहे. अक्षर बघून हसू नकोस. उजव्या हाताची मधली तीन बोटं तू माझ्याकडे ठेवली नाहीस. अंगठा आणि करंगळी तेवढी शिल्लक आहेत, आणि त्या दोघांचं एकमेकांशी जमत नाही. म्हणून डाव्या हाताने लिहितोय, थांबत थांबत, एका बैठकीत होत नाही. फोन करता आला असता. पण तुझ्या जामिनाला अट आहे, साक्षीदाराशी बोलायचं नाही आणि अकोले तालुक्यात पाऊल टाकायचं नाही, आणि तुझ्या खटल्यातला पहिला साक्षीदार मीच. शिवाय फोनवर आपण दोघं नमस्कार व्हायच्या आधी आईबहिणीवर आलो असतो. धनश्रीताईचा कर्जतचा पत्ता तुझ्या आईने, रतनकाकूने दिला. कशाला पाहिजे म्हणून तिने विचारलं नाही. गंमत बघ, आमचं मूळ गाव कर्जतकडचं. तिथून पोटापाण्यासाठी आम्ही तुमच्या डोंगरात आलो, आणि आता तू तुमचा डोंगर सोडून आमच्या उघड्या माळावर बहिणीच्या सासरी जाऊन बसलास. तिकडचं ऊन तुला भाजत असेल अशी माझी मनापासून आशा आहे.

इकडची खबर सांगतो. गॅरेज चालू आहे, म्हणजे शटर वर असतं. टायर, ऑइल, ब्रेक, एवढीच कामं येतात. इंजिन कुणी उघडायला देत नाही. शेंडी गावचे गाडीवाले, ज्यांची इंजिनं मी वर्षानुवर्षं उतरवली आणि चढवली, ते आता घाट उतरून अकोल्याला जातात. परवा त्यातलाच एकजण हवा भरायला थांबला आणि बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, 'बेल्ट खराच टाकतो ना रं, का नुसताच टाकला म्हनतो?' मी त्याच्या कानाखाली वाजवली. डाव्या हाताची होती, पण बसली. त्याने स्वतःच्या मनाने काही काढलं नव्हतं. गावात सगळे तेच बोलतात, की बिभीषणने जुना बेल्ट तसाच ठेवला आणि तुझे वडील, सहादेव नाना, त्यापायी गेले. तुझ्या वकिलाने जामिनाच्या अर्जातही तेच लिहिलं. हातापेक्षा मला ते जास्त लागलंय, हे तुला सांगून ठेवतो. हात गेला तर माणूस दुसरं काही करून खातो. पण मिस्त्रीचं काम खोटं म्हटलं की त्याच्याकडे उरतं काय?

आता कानिफचं. माझा हा धाकटा भाऊ किती तापट आहे ते तुला सांगायला नको, तू त्याला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली आहेस. तुझा जामीन झाला त्याच दिवशी त्याने बाजारातून नवी टामी आणली. चाकाचे नट खोलायची तीच लोखंडी कांब, तू आणलीस तसली. तुझी पोलिसांनी जप्त केली, नाहीतर त्याने तीच वापरली असती. ती त्याच्या पलंगाखाली असते. जेवायला बसला की एकच वाक्य, 'उजव्याला उजवा. त्याचा हात घिऊनच येतो.' आई ताट सोडून उठते, त्याचं चालूच. आणि तो नुसतं बोलत नाही. कर्जतला आमचे चुलतभाऊ आहेत. तू सकाळी डेअरीवर दूध घालायला जातोस, येताना कोणत्या टपरीवर बसतोस, टोपी उलटी घालतोस, सगळं त्याला इथे बसून कळतं. होळी झाली की धुळवडीच्या गर्दीत जायचं त्याने ठरवलंय, बरोबर दोघं तयार आहेत. मी त्याला नको म्हणालो नाही. थंडीत नसलेली बोटं ठणकतात ना, तेव्हा मला वाटतं, जाऊ दे त्याला. यालाही एकदा शर्टाची गुंडी लावता न येणं म्हणजे काय ते कळू दे. मी देव नाही, तू मला ओळखतोस.

आपली ओळखच मारामारीने झाली. आई-बाप ऊसतोडीला आले होते, हंगाम संपता संपता आमचा एक बैल बसला तो उठलाच नाही, आणि एका बैलावर गाडी कर्जतपर्यंत कशी जाणार. नाना तेव्हा कारखान्यावर ट्रॅक्टरने ऊस वाहायचे. त्यांनी आमचं बिऱ्हाड ट्रॉलीत टाकलं आणि राजूरला आणून आपल्या शेतातलं छप्पर राहायला दिलं. शाळेत पहिल्याच दिवशी तू मला ऊसतोड्या म्हणालास, मी तुझा दात पाडला, तू माझ्या दंडाला चावलास. नानांनी दोघांना अंगणात उभं केलं, दोघांना एकेक ठेवून दिली, माझ्या गालावरचा आवाज नीट निघाला नाही म्हणून मला आणखी एक, आणि मग एकाच ताटात जेवायला बसवलं. मोठेपणी जत्रेच्या हगाम्यात पंचांनी आपली कुस्ती लावली. आपण कुस्ती विसरून गुद्द्यांवर आलो आणि दोघांनाही नारळ न देता हाकलून दिलं. घरी जाताना तू तुझ्या लंगोटाने माझं रक्त पुसत होतास आणि शिव्या घालत होतास. लोक म्हणायचे, ही कसली दोस्ती. मला दुसरी कुठली ठाऊकच नव्हती. तुमच्या घरात आधी हात बोलायचा आणि मग तोंड. नानांचं तसंच, तुझं तसंच, आणि तुमच्या ताटात जेवून मीही तसाच झालो. पण आपल्यात एक होतं. कितीही हाणलं तरी हातात कधी काही घेतलं नव्हतं.

मग ती गाडी आली. पांढरी, सात सीटांची, जुनी डिझेल. काजव्यांच्या दिवसांत आणि पावसाळ्यात भंडारदऱ्याचे पाहुणे फिरवताना ती दारात म्हणून दिसायची नाही. उन्हाळ्यात मी तिचं कव्हर काढून तुला टायमिंग बेल्ट दाखवला होता, आठवतं? पाठीवर बारीक भेगा पडलेल्या, आणि सीलमधून ऑइल पाझरून एक कड पार भिजलेली. तू मला मीटर दाखवलास. अजून पुष्कळ पळायचं बाकी आहे म्हणालास. मी म्हणालो, रबराला मीटर वाचता येत नाही. किलोमीटर भरोत नाहीतर वर्षं भरोत, जे आधी भरेल तेव्हा बेल्ट बदलायचा, आणि लॉकडाऊनमध्ये ही गाडी छपरात उभी होती तेव्हाही तो म्हातारा होतच होता. तू म्हणालास, आवाज तर कसला येत नाही. अरे, तेच तर मी सांगत होतो. ब्रेक घासले की किरकिरतात, क्लच जळला की वास येतो, बॅटरी उतरली की सकाळी कण्हते. हा बेल्ट काहीच बोलत नाही. इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग एका तालात फिरवत राहतो, शेवटच्या फेरीपर्यंत चांगला फिरवतो, आणि तुटतो तेव्हा आतले वॉल्व पिस्टनवर आपटून इंजिन जागच्या जागी मरतं. एवढं ऐकून तू काय केलंस, तर माझ्या अंगावर पाना फेकलास. मी तुझी गचांडी धरली. समोरच्या चहावाल्या छबूबाईने दोघांवर बादलीभर पाणी ओतलं आणि म्हणाली, 'तुमच्यापरीस कुत्री बरी.' मग ओल्या कपड्यांनी चहा पीत ठरलं, की पावसाळ्याचे पाहुणे सरू दे, गणपती उठले की बेल्ट. मला ते पटलं नव्हतं, सगळा पाऊस मी घाटातून येणाऱ्या प्रत्येक फोनला दचकत काढला. पण गाडी तुझी, धंदा तुझा. आणि तू बोलल्याप्रमाणे वागलास. गणपती उठले, दुसऱ्या दिवशी गाडी माझ्या दारात लावलीस आणि बदली ड्रायव्हर म्हणून दसऱ्यापर्यंत पुण्याला निघून गेलास. मी नगरहून बेल्ट मागवून ठेवला होता. डबा फळीवर होता.

पुढचं तुला ठाऊक आहे, म्हणजे ठाऊक आहे असं तुला वाटतं. पितरांचा पंधरवडा, पितरपाट, संपत आला होता. तुमच्या घरचा म्हाळ घालायचा राहिला होता, त्याचं सामान आणायला नाना गाडी घेऊन अकोल्याच्या बाजाराला निघाले, शेजारी रतनकाकू. विठा घाटात उतारावर बेल्ट गेला. इंजिन मेलं, स्टिअरिंग फिरेना, ब्रेक दोनदा दाबल्यावर लाकडासारखा कडक झाला. नानांनी घाबरून क्लच दाबला असणार, म्हणजे गाडीला मागे धरून ठेवणारं काहीच राहिलं नाही. काकूची कंबर मोडली. नानांच्या छातीत स्टिअरिंग घुसलं. मला फोन आला तेव्हा मी आणि कानिफ धावलो, दार वाकवून, पत्रा कापून आम्ही दोघांनी त्यांना बाहेर काढलं. हे तुला कुणी सांगितलं नाही, तूही विचारलं नाहीस. संध्याकाळी तू पुण्याहून आलास, सरणापुढे माझ्या गळ्यात पडलास, आणि माझ्या शर्टावरचं नानांचं रक्त तुझ्या गालाला लागलं. मी ते अंगठ्याने पुसलं. अंगठा तेवढा तू ठेवलास म्हणून सांगतो.

दहावं झालं तेव्हा घट बसलेले होते. तू डोकं भादरून, दहावं उरकून सरळ पोलीस ठाण्याच्या आवारात गेलास आणि अकोल्याच्या एका मिस्त्रीकडून गाडीचं कव्हर उघडवलंस. आत जुन्या बेल्टच्या चिंध्या. तिथून तू माझ्याकडे आलास. मी एका बॉनेटखाली वाकलो होतो. पहिला फटका पाठीत बसला तेव्हा मला वाटलं वरून काहीतरी पडलं. वळलो तर तू, हातात टामी, डोळे तांबडे. मीही काही हात जोडून उभा राहिलो नाही. तुझं नाक मी फोडलं, ते अजून वाकडं असेल. डोकं धरून तुझं थोबाड मी चाकाच्या रिमवर आपटलं, पुन्हा आपटलं, आणि मला तेव्हा खरं सांगतो बरं वाटत होतं. मग तुला फळीवरचा डबा दिसला. तू तो दातांनी फाडलास, आतला नवा कोरा बेल्ट काढलास, माझ्या गळ्याला घातलास आणि पाठीत गुडघा रोवून आवळलास. बेल्टचे दात मानेत रुतले. त्या खुणा गेल्या नाहीत, आई मला मफलर घालायला लावते. आणि तू ओरडत होतास, 'नाना फोनवर म्हनले, बेल्ट टाकला. बिभीषणनं टाकला. आन तू डबा फळीवर ठिवून बसला? माझ्या बापाला फसवलं?' नाना तुला काय म्हणाले होते ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. श्वास नव्हता, डोळ्यापुढे काळं येत होतं, तरी तेवढं कळलं. बेल्ट तुझ्या घामेजल्या हातातून सुटला. मी लोखंडी टेबलावर हात टेकून उठायला लागलो. तो हात तू बघितलास. 'ह्याच हातानं टाकला न्हाई ना,' म्हणालास आणि टामी घातलीस. एकदा घालून थांबला नाहीस. हाडं मोडायचा आवाज मला आला, तुलाही आला असणार, तरी थांबला नाहीस. छबूबाईने उकळता चहा तुझ्या पाठीवर ओतला नसता तर मनगटही गेलं असतं. पाठीवरचा डाग तिचा आहे. तिला शिव्या देऊ नकोस, तिने तुला खुनातून वाचवलं.

तू मारत होतास तेवढ्या वेळात मला एक वाक्य बोलता आलं असतं. निदान गळा सुटल्यावर तरी. मी बोललो नाही. छबूबाई अजून विचारते, 'तू गप का बसला रं? खरं आसतं तर वरडला आसता.' तिलाही वाटतं मी चोर आहे. चहाचे पैसे मात्र घेत नाही, आणि ते मला सगळ्यात जास्त झोंबतं.

दवाखान्यात होतो तेव्हा एक दिवस रतनकाकू आली. कंबरेला पट्टा, हातात वॉकर, जिना कसा चढली कुणास ठाऊक. मला वाटलं, आता ही तोंडात देणार. ती खाटेवर टेकली, माझ्या बँडेजवर हात ठेवला आणि खाली बघत म्हणाली, 'लेकरा, मला समदं ठावं हाय. पर त्याला सांगू नगो. बाप मेला तेवढं त्याला पुरं.' मी म्हणालो, काकू, माझा हात गेला. ती म्हणाली, 'व्हय. दिसतोय मला.' भाकरीचा डबा ठेवला आणि निघाली. ती जिन्यात असताना मी तिला नको नको ते बोललो, तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. माझ्या लहानपणी तापात ती माझ्या उशाशी बसलेली होती आणि मी तिला तसलं बोललो. आणि एवढं बोलून परत तिचंच ऐकलं. पोलिसांना सांगितलं, बेल्ट टाकायचा राहिला. का राहिला म्हणून त्यांनी विचारलं, तर म्हणालो, राहिला. त्या एका शब्दावर सगळा हिवाळा मी गावात चोर म्हणून फिरलो. कानिफनेही तेच ऐकलं आणि तेच धरून ठेवलं, की चूक असली तरी हात तोडायचा हक्क कुणाचा.

आता ऐक. तू पुण्याला गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझी गाडी उघडायला घेतली. इंजिन गार होतं, कव्हरचे नट ढिले केले होते, आणि नाना आले. फळीवरचा डबा बघून म्हणाले, हे काय. मी सांगितलं. ते म्हणाले, 'पितरपाट लागलाय. नवी वस्तू आनायची न्हाई. घट बसले की बेल्ट टाक.' मी म्हणालो, नाना, हे काय लुगडं आहे का भांडं? जुन्याच्या जागी तसलाच दुसरा घालायचा. ते म्हणाले, 'डब्यातनं निघती ती नवीच.' मी पुष्कळ डोकं फोडलं. भेगा दाखवल्या, ऑइल दाखवलं, हा तुटला तर माणूस मरेल असं सरळ तोंडावर सांगितलं. मग त्यांनी तुझ्या राम काकाचं नाव काढलं. पितरपाटात नवी मोटारसायकल आणली आणि घट बसायच्या आत रंध्याच्या वळणावर गेला, त्या धाकट्या भावाला नानांनी खांद्यावर टाकून दरीतून वर आणलं होतं.  तरी मी किल्ली सोडली नाही. त्यांनी भर रस्त्यात माझ्या कानशिलात दिली आणि बोटं उलगडून किल्ली काढून घेतली. मी उलटा हात टाकला असता तर म्हातारा तिथेच पडला असता. टाकला नाही. एवढंच म्हणालो, घट बसेपर्यंत गाडी तुमच्या दारातून हलली तर मी तिच्या काचा फोडीन. त्यांनी खंडोबाची आण घेतली, न्हाई हलवत म्हणाले. नानांच्या शब्दावर आमचं घर उभं राहिलं होतं, तो शब्द मी खोटा कसा धरू? मग मी म्हणालो, गोरक्षला फोन करून सांगतो. तेव्हा ते किल्ली खिशात घालता घालता थांबले. सदऱ्याची बाही वर करून मला कोपर दाखवलं. सुजलेलं, काळंनिळं. गणपती उठायच्या आदल्या दिवशी गाडीला पडलेल्या पोच्यावरून तू त्यांना ढकललं होतंस आणि ते उंबऱ्यावर आदळले होते. रतनकाकू सोडून हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणाले, 'त्याला काय सांगायचं ते माझं मी बघतो. तू मधी पडू नगो. त्यो पुन्यांदा हात उचलंल, आन ह्या वयात पोराचा मार खायची लई लाज वाटती रं.'

हे मी कुणालाच सांगणार नव्हतो, तुझी टामी खातानाही सांगितलं नाही. परवा कानिफ टामी पोत्यात गुंडाळायला लागला तेव्हा त्याला सांगितलं, म्हटलं ऐकून तरी थांबेल.  त्याने टामी परत पलंगाखाली सारली आणि म्हणाला, 'हे त्याला कळीव. हाड जुळतंय. हे न्हाई जुळत.' होळीच्या आत तुला हे कळलं तर तो येणार नाही, नाही कळलं तर धुळवडीला निघणार, असं त्याने मला सांगितलंय, आणि तो बोलला की करतो. तेव्हा तुझा हात वाचवायला मी हे लिहितोय असं मला म्हणता येईल, आणि ते निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं असं, की मलाही तुला मारायचंच होतं, आणि कानिफच्या टामीपेक्षा हे खोल जाईल हे मला ठाऊक होतं. नाना माझ्याकडे आले ते पितरांना भिऊन, पण फोनवर खोटं बोलले ते तुला भिऊन. तू घाबरवलं नसतंस तर ते तुला खरं सांगते, तू शिव्या घालून का होईना गाडी दारात बांधून ठेवायला लावतास, आणि आज नाना असते. कोर्टात विचारलं तर मी हेच सांगणार, काकू काही म्हणो. क्षमा वगैरे माझ्याकडे मागू नकोस, ती नाही. पण फिट्टंफाट झाली एवढं मानतो. लिहिताना हात शिवशिवत होता, आता लिहून झालं तर पाकीट बंद करवत नाही. गोरक्ष, हे वाचून झाल्यावर एकटा बसू नकोस. विहिरीकडे, रानाकडे कुठे जाऊ नकोस. धनश्रीताई घरात जिथे असेल तिथे तिच्याजवळ जाऊन बस.

तुझाच,
बिभीषण